गाडी का थांबली?

मोटारगाडी बंद पडली की घरात गोंधळ उडतो. पण गाडी कारणाशिवाय बंद पडत नाही. ते कारण कसे ओळखावे, कोणते काम घरी करता येते आणि कोणत्या कामाला आपण हात लावू नये, हे या पाठात सांगितले आहे.

मुलांनो, समजा मे महिना आहे. तुम्ही जळगावच्या मेहरूण भागात राहता. आज धुळ्याला तुमच्या मामूंच्या मुलीचा निकाह आहे. निकाह जुहरच्या नमाजानंतर होणार. जळगाव ते धुळे हे अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. गिरणेवरचा बांभोरीचा पूल, मग एरंडोल, पारोळा आणि धुळे असा रस्ता. पूर्वी त्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत, आता त्याचा क्रमांक ५३ आहे. अम्मी, तुम्ही आणि धाकटी बहीण गाडीत बसला आहात. अब्बा किल्ली फिरवतात. आतून फक्त 'टक टक' असा आवाज येतो. गाडी चालू होत नाही.

लगेच शेजारचे लोक जमतात. एक म्हणतो, "प्लग खराब झाला." दुसरा म्हणतो, "पेट्रोलमध्ये कचरा आला." तिसरा म्हणतो, "धक्का मारा." बॉनेट मात्र कोणीच उघडलेले नसते. अशा वेळी तुम्ही काय कराल?

आधी नीट ऐका. किल्ली फिरवल्यावर जी छोटी मोटर इंजिनाला फिरवते, तिला सगळे 'सेल्फ' म्हणतात. तिला बॅटरीतून खूप वीज लागते. हेडलाइटला त्या मानाने फार थोडी लागते. म्हणून एक सोपी परीक्षा करा. हेडलाइट लावा आणि अब्बांना किल्ली फिरवायला सांगा. दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिची तार सैल आहे. दिवे तेजस्वी राहिले आणि आवाजच आला नाही, तर सेल्फमध्ये किंवा तिच्या तारेत दोष असावा. सेल्फ जोराने फिरते पण इंजिन चालू होत नाही, असे असेल तर बॅटरीला दोष देऊ नका. मग पेट्रोल पोहोचत नसेल किंवा प्लगला ठिणगी मिळत नसेल. त्यातही आधी पेट्रोलचा काटा पाहा. हसू नका, पुष्कळ गाड्या केवळ टाकी रिकामी असल्यामुळे थांबतात.

आपल्या गाडीचे दिवे मंद झाले. आता बॉनेट उघडा. बॅटरीच्या दोन टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमलेली दिसते. या भुकटीतून वीज नीट जात नाही. ती काढणे हे घरी करण्यासारखे काम आहे. किल्ली काढून घ्या. १० नंबरचा पाना बहुतेक छोट्या गाड्यांना चालतो. प्रथम 'वजा' खूण असलेली तार सोडवा, नंतर 'अधिक' खुणेची. जोडताना क्रम उलटा : आधी अधिक, शेवटी वजा. हा क्रम का? गाडीचा सगळा लोखंडी सांगाडा वजा टोकाला जोडलेला असतो. वजा तार जोडलेली असताना अधिक टोकावरचा पाना चुकून सांगाड्याला लागला, तर मोठी ठिणगी उडते. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेणारा असतो. म्हणून बॅटरीजवळ काडी पेटवून कधीही पाहू नका.

कोमट पाण्यात खाण्याचा सोडा मिसळा आणि जुन्या दातांच्या ब्रशाने टोके घासा. फेस येईल. भुकटीत आम्ल असते, सोडा त्याला निष्प्रभ करतो. ते पाणी डोळ्यांत किंवा बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. टोके पुसून कोरडी करा, तारा घट्ट बसवा आणि वरून थोडे व्हॅसलिन लावा.

खानदेशात बॅटरी लवकर खराब होते, याचे एक कारण आपला उन्हाळा आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. उष्णतेने बॅटरीतले पाणी उडते. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर आतील पट्ट्या बुडतील इतके पाणी हवे. ते डिस्टिल्ड पाणीच असावे. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात. ते प्यायला चालते, बॅटरीला चालत नाही. पूर्ण भरलेली बॅटरी मीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना हा आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान हवा. तो तेवढा चढत नसेल तर बॅटरी चांगली असूनही तिला चार्ज मिळत नाही. मग नवी बॅटरी घेऊन पैसे वाया घालवू नयेत.

टोके स्वच्छ झाली. गाडी चालू झाली. शेजारी म्हणतात, "आता प्लगही बदलून टाका, पेट्रोलची जाळीही साफ करा." तसे करू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर गाडी कशाने सुधारली हे कळत नाही. पुन्हा बिघडली तर काय तपासावे हेही कळत नाही. चांगला उस्ताद आधी प्रश्न विचारतो आणि मग पाना उचलतो.

आता तुम्ही पारोळ्याच्या पुढे आला आहात. दुपारचे साडेबारा वाजले आहेत. अम्मी म्हणतात, "कसला तरी गोडसर वास येतो आहे." कोणी लक्ष देत नाही. थोड्या वेळाने गाडीतील उष्णतेचा काटा वर चढू लागतो. अम्मींचे नाक बरोबर होते. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात कूलंट नावाचे द्रव्य मिसळतात. ते गळून गरम इंजिनावर पडले की गोड वास येतो.

अशा वेळी एसी बंद करा. गाडीला हीटर असेल तर तो पूर्ण सुरू करा आणि काचा उघडा. मे महिन्यात, तेही खानदेशात हीटर? ऐकायला वेडेपणा वाटतो. पण हीटर इंजिनाचीच उष्णता घेऊन गाडीत सोडतो. रस्त्याकडेला सुरक्षित जागा मिळेपर्यंत घाम गाळावा लागला तरी चालेल. काटा लाल खुणेवर असताना गाडी तशीच पळवली, तर इंजिनाच्या माथ्याखालचे गॅस्केट जळते. मग पाणी ऑइलमध्ये शिरते आणि ऑइल दुधाळ चहासारखे दिसू लागते. काही मिनिटांच्या घाईसाठी सगळे इंजिन उघडावे लागते.

गाडी थांबली. इंजिन बंद केले. अब्बा घड्याळाकडे पाहतात. निकाहाची वेळ जवळ आली आहे. ते फडके घेऊन रेडिएटरचे झाकण उघडायला जातात. मुलांनो, याच क्षणी त्यांचा हात धरा आणि म्हणा, "अब्बा, थांबा!"

घरातला प्रेशर कुकर आठवा. साधे पाणी १०० अंशांना उकळते. कुकरच्या आत दाब असल्यामुळे ते सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. वाफ जाऊ न देता अम्मी कुकरचे झाकण उघडतील का? रेडिएटरमध्येही तसाच दाब असतो. झाकण फिरवताच दाब नाहीसा होतो. १०० अंशांच्या वर तापलेल्या पाण्याची त्याच क्षणी वाफ होऊ लागते आणि उकळते पाणी कारंज्यासारखे तोंडावर उसळते. फडक्याने हात कदाचित वाचेल, डोळे वाचणार नाहीत. म्हणून निदान अर्धा तास थांबायचे. मामूंना फोन करून उशीर होईल असे कळवा. निकाह थोडा थांबू शकतो.

हा वेळ पाहण्यात घालवा, पण हात दूर ठेवा. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. रेडिएटरला जाणारे रबरी पाइप पाहा. कुठे ओल आहे? पाण्याचा पंप फिरवणारा पट्टा जागेवर आहे का? पंखा अजिबात फिरला नसेल तर त्याचा फ्यूज पाहावा. फ्यूज जळला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा घाला. काही लोक सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून काम भागवतात. मग फ्यूजऐवजी तार जळते आणि कधी कधी तिच्याबरोबर गाडीही.

आपल्या गाडीत वरच्या पाइपाचे टोक चिरले आहे. इंजिन थंड झाल्यावर चिरलेला तुकडा चाकूने कापून टाका. पाइप पुरत असेल तर तो पुन्हा बसवा आणि पट्टी पेचकसाने आवळा. (पेचकस, दुरुस्ती हे शब्द मराठीने फारसीतून घेतले आणि चावी हा पोर्तुगीजांकडून. गॅरेजमध्ये भाषाही अशा एकत्र काम करतात.) आता पाणी भरा, पण हळूहळू. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतले तर धातूला तडा जाऊ शकतो. अडचणीच्या वेळी हातपंपाचे पाणी चालेल. मात्र घरी आल्यावर ते काढून योग्य कूलंट भरून घ्यावे.

तुम्ही धुळ्याला पोहोचलात. निकाह झाला, जेवण झाले. निघण्यापूर्वी मामूंच्या अंगणात गाडीखाली एक जुने वर्तमानपत्र पसरा. थोड्या वेळाने ते बाहेर काढा. त्यावरचे डाग बरेच काही सांगतात. एसी चालवल्यानंतर पडलेले स्वच्छ पाणी असेल तर काळजी नको. काळा किंवा तपकिरी डाग इंजिन ऑइलचा. हिरवा किंवा गुलाबी डाग कूलंटचा. पेट्रोलचा वास आला तर किल्लीला हातच लावू नका.

आज एका चाकाच्या आतील बाजूस पिवळसर, बुळबुळीत डाग दिसतो. तो ब्रेकच्या द्रवाचा आहे. तुम्ही पायाने ब्रेक दाबता, तेव्हा हाच द्रव तो दाब चाकांपर्यंत पोहोचवतो. द्रव गळाला की ब्रेकचा पाय मऊ होऊन खाली जातो. अब्बा म्हणतात, "सकाळी बॅटरी केली, दुपारी पाइप केला, हेही आपण करू." नाही. बॅटरी बिघडली तर गाडी थांबते. ब्रेक बिघडले तर गाडी थांबत नाही. फरक इतका मोठा आहे. वरून द्रव भरून गाडी सावकाश नेतो, असेही म्हणू नये. गळती आहे तेथेच राहते. ब्रेक, स्टिअरिंग आणि पेट्रोलची गळती ही कामे गॅरेजचीच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे हेही कोणाचेच काम नाही.

गाडी मामूंच्या अंगणातच राहू द्या. सकाळी मेकॅनिकला तेथेच बोलवा, नाहीतर टोचन करून गाडी गॅरेजला न्या. तुम्ही सगळे एस.टी.ने जळगावला या. बहीण खिडकीजवळ बसेल. पारोळ्याच्या अलीकडे, जेथे तुम्ही दुपारी थांबला होता, ती जागा तिला दाखवा.

स्वाध्याय

१. सेल्फ जोराने फिरते, पण इंजिन चालू होत नाही. अशा वेळी बॅटरीला दोष का देऊ नये?
२. बॅटरीची वजा तार आधी का सोडवावी?
३. कारण लिहा : गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये.
४. तुमच्या घरी उर्दूत बोलताना गाडीच्या कोणकोणत्या भागांची नावे येतात? त्यांची यादी करा आणि त्यांतील मराठीतही चालणारे शब्द ओळखा.
५. उपक्रम : घरच्या किंवा शेजारच्या वाहनाखाली रात्री वर्तमानपत्र ठेवा. सकाळी काय दिसले ते पाच ओळींत लिहा.