नोव्हेंबर महिन्यांतील चार दिवस



नोव्हेंबर महिना आला म्हणजे आपल्या तेल्हाऱ्याच्या भागांत कापसाच्या वेचणीची घाई असते, व तारखांकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. तरी या महिन्यांतील चार तारखा अशा आहेत कीं, त्या ओळीनें मांडिल्या असतां वऱ्हाडांतील सामान्य मनुष्याची वाटचाल दिसून येते. आजच्या धड्यांत आपण त्यांचाच विचार करूं.

पहिला दिवस, ता. २९ नोव्हेंबर १८०३. तेल्हारा तालुक्यांतील अडगांव आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलेलें आहे. त्या दिवशीं तेथील मैदानांत नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांचें सैन्य, त्यांच्या बंधूंच्या हाताखालीं, शिंद्यांच्या घोडदळासह उभें होतें. समोरून जनरल आर्थर वेलस्ली इंग्रजांची फौज घेऊन आला. दिवस कलल्यावर लढाई जुंपली व मराठ्यांचा मोड झाला. पुढें १५ डिसेंबरास गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबरास देवगांवचा तह झाला. त्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेकडील भोसल्यांचा मुलूख त्यांच्या हातून गेला व निजामास मिळाला. नरनाळा व गाविलगड हे किल्ले मात्र भोसल्यांकडे राहिले. ज्यांच्या शेतांतून तोफा गेल्या त्या शेतकऱ्यांस व मजुरांस, तुमचा धनी कोण असावा, हें कोणींही विचारिलें नाहीं.

दुसरा दिवस, ता. २८ नोव्हेंबर १८९०. या दिवशीं पुणें येथें महात्मा जोतीराव फुले मरण पावले. ते स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले होते. १८४८ सालीं त्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढिली, व सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. पुढें अस्पृश्य गणलेल्यांच्या मुलांसाठींही त्यांनीं शाळा काढिल्या. १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें त्यांनीं सांगितलें कीं, सरकारचा खजिना रयतेच्या घामानें भरतो, तर शिक्षणही रयतेपर्यंत पोहोंचलें पाहिजे. ज्यास कोणी विचारीत नाहीं त्यानें अक्षर शिकून स्वतः बोलावें, हा मार्ग त्यांनीं दाखविला.

तिसरा दिवस, ता. ५ नोव्हेंबर १९०२. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारांत होतें, परंतु नांवानें निजामाचेंच होतें. या दिवशींच्या करारानें निजाम मीर महबूब अली खान यांनीं तें वर्षास २५ लक्ष रुपये घेऊन कायमच्या पट्ट्यानें इंग्रज सरकारास दिलें. शेत खंडानें देतांना बैलांस कोण विचारतो? येथेंही तसेंच झालें. अडगांवास नव्याण्णव वर्षें होत आलीं होतीं, तरी रयत मुकीच होती.

चौथा दिवस, ता. २६ नोव्हेंबर १९४९. या दिवशीं घटनासमितीनें भारताची राज्यघटना स्वीकारिली. आपल्या वऱ्हाडचे डॉ. पंजाबराव देशमुख हे त्या समितीचे सभासद होते. आरंभीं २१ वर्षांच्या व १९८९ पासून १८ वर्षांच्या प्रत्येक स्त्रीपुरुषास, शिक्षण वा मिळकत न पाहतां, मत देण्याचा अधिकार मिळाला. याच्या आदल्या वर्षीं, २९ नोव्हेंबर १९४८ रोजीं, म्हणजे अडगांवच्या लढाईच्या तारखेसच, त्याच समितीनें अस्पृश्यता नष्ट करणारें कलम मंजूर केलें होतें. तें आज घटनेचें १७ वें कलम आहे. एकाच तारखेस एकदां तोफा बोलल्या. दुसऱ्यांदा मुक्या माणसाच्या बाजूनें कायदा बोलला.

परंतु बंधुभगिनींनो, कागदावरील कलम विहिरीवर आणि पंगतींत आपोआप उतरत नाहीं. आपल्या घरांत व मंडळीच्या सभेंत स्त्रियांस व गरिबांस विचारल्यावांचून निर्णय होत असतील, तर आपण अद्याप १८०३ सालींच आहों, असें म्हणावें लागेल.

उपदेशकांनीं पुढील प्रश्न विचारावे:
१. देवगांवच्या तहानें वऱ्हाडांत काय पालट झाला?
२. जोतीरावांनीं शिक्षणावर इतका भर कां दिला?
३. आपल्या गांवांत अजून कोणास विचारिलें जात नाहीं?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांत मिळणार नाहीं. तें गांवांत फिरून शोधावें.