मारणे आणि मरू देणे : देशोदेशींचे कायदे

इच्छामरण म्हटले की आपल्याला शरपंजरी पडलेले भीष्म आठवतात. वर्तमानपत्रांत मात्र हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. डॉक्टरांनी रोग्याला प्राणघातक इंजेक्शन देणे, रोग्याने डॉक्टरांकडून औषध मिळवून ते स्वतः पिणे आणि उपयोग उरला नाही म्हणून व्हेंटिलेटर काढणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोहोंत मृत्यू घडवून आणला जातो. तिसरीत आजाराला त्याच्या वाटेने जाऊ दिले जाते. हा फरक ध्यानात ठेवून आपण काही देशांचे कायदे पाहू.

हॉलंडमध्ये या कायद्याची सुरुवात न्यायालयात झाली. आजारी आईला मॉर्फिन टोचून मरण देणाऱ्या एका डॉक्टर मुलीला 1973 मध्ये न्यायालयाने दोषी ठरवले, पण शिक्षा दिली एका आठवड्याची, आणि तीही स्थगित. 1984 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, जीव जपणे व वेदना हटवणे या दोन कर्तव्यांच्या कात्रीत सापडलेला डॉक्टर निर्दोष ठरू शकतो. याच धाग्यावरून 2002 मध्ये कायदा अमलात आला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. कोणाला त्याच्या विनंतीवरून मारणे हा तेथे आजही गुन्हा आहे. मात्र ठरलेल्या अटी पाळून नंतर समितीला कळवणाऱ्या डॉक्टरला शिक्षा नाही. म्हणजे रोग्याला हक्क दिलेला नाही, डॉक्टरला सूट दिलेली आहे. पण रोगी मरणाच्या दारात असावा अशी अट नाही. वेदना असह्य आणि सुधारणेची आशा नसलेली असली की पुरे. 2024 मध्ये तेथील दर शंभर मृत्यूंपैकी जवळजवळ सहा या मार्गाने झाले.

स्वित्झर्लंडची तऱ्हा निराळी. 1942 पासून लागू असलेल्या दंडसंहितेत स्वार्थी हेतूने आत्महत्येस मदत करणे गुन्हा मानले आहे. स्वार्थ नसेल तर शिक्षा नाही, एवढ्या फटीतून तेथील सारी व्यवस्था उभी राहिली. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात 1994 मध्ये लोकांनीच मतदान करून कायदा केला व 1997 मध्ये तो अमलात आला. सहा महिन्यांपेक्षा अधिक आयुष्य नाही असे दोन डॉक्टरांनी सांगायला हवे आणि औषध रोग्याने स्वतः घ्यायला हवे. ती सहा महिन्यांची अट अजून टिकून आहे.

कॅनडात मात्र अट टिकली नाही. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये हा प्रश्न मूलभूत हक्काचा ठरवला. 2016 च्या कायद्याने मृत्यू नजीकच्या काळात अपेक्षित असलेल्यांनाच परवानगी दिली. पण एकदा हक्क म्हटला की ज्याला तो नाकारला तो विचारणारच, मला का नाही? 2019 मध्ये क्यूबेकच्या न्यायालयाने ती अट रद्द केली, 2021 मध्ये संसदेनेही कायदा बदलला. केवळ मानसिक आजार असलेल्यांचा समावेश आता मार्च 2027 पर्यंत पुढे ढकलला आहे. 2024 मध्ये तेथे सोळा हजारांहून अधिक माणसांनी या मार्गाने प्राण सोडले. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तर 2020 मध्ये स्वतःचा अंत ठरवण्याचा अधिकार आजारापुरताही मर्यादित ठेवला नाही. आपल्यापैकी कित्येकांची मुले व नातलग कॅनडात राहतात, काहीजण तेथे परिचारिका आहेत. त्यांच्यासाठी ही दूरची चर्चा नाही.

आता आपला देश. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सांगितले. प्राणघातक इंजेक्शन देणे आपल्याकडे आजही गुन्हाच आहे. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचा खटला आला. 1973 मधील अमानुष हल्ल्यानंतर त्या तेथेच अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना अन्न देणे थांबवावे, अशी याचिका 2009 मध्ये करण्यात आली. ज्यांनी त्यांना वर्षानुवर्षे भरवले, पुसले, कुशीवर वळवले, त्या परिचारिकांनी याला विरोध केला. 7 मार्च 2011 रोजी न्यायालयाने मागणी फेटाळली आणि अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्या सेविकांचा मानला. मात्र त्याच निकालात कृत्रिम उपचार थांबवण्यास सशर्त वाट मोकळी केली. अरुणा 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने वारल्या. 2018 मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवून ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्राला, मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली.

ख्रिस्तसभेची रेषा याच ठिकाणी आहे का? बरीचशी आहे. जीव लांबवण्यासाठी असाधारण साधने वापरणे बंधनकारक नाही, असे पोप पायस बारावे यांनी 1957 मध्येच डॉक्टरांना सांगितले होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1995 च्या ‘जीवनाचे शुभवर्तमान’ या पत्रात दयामरणाचा कठोर निषेध केला, पण अतिरेकी उपचार नाकारणे म्हणजे दयामरण नव्हे, हेही स्पष्ट केले. तेव्हा घर गहाण टाकून निरर्थक उपचार चालू ठेवले नाहीत म्हणून मनाला लावून घेणाऱ्या मुलांनी हे वाचावे.

फरक पडतो तो अन्नपाण्यापाशी. आपल्या न्यायालयीन व्यवस्थेत नळीवाटे दिलेले अन्न हाही थांबवता येण्याजोगा उपचार ठरू शकतो. ख्रिस्तसभेने 2007 मध्ये सांगितले आहे की ती साधी शुश्रूषा आहे; शरीर ते स्वीकारत असेल तोवर ते द्यावे. अरुणा यांच्या परिचारिकांचे म्हणणे तरी याहून काय वेगळे होते?

म्हणून इच्छापत्र करू पाहणाऱ्यांनी छापील नमुन्यावर डोळे मिटून सही करू नये. व्हेंटिलेटर, शस्त्रक्रिया यांबद्दल काय हवे-नको ते लिहावे, अन्नपाण्याबद्दल वेगळे वाक्य घालावे आणि रुग्णाभ्यंग संस्कारासाठी धर्मगुरूंना बोलवावे हेही नमूद करावे. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या विश्वासू माणसांची नावे द्यावीत व त्यांच्याशी आधी बोलून घ्यावे. सहीच्या वेळी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतो. एक प्रत घरच्यांकडे, एक आपल्या डॉक्टरांकडे आणि एक महापालिका, नगरपालिका अथवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी. विचार बदलल्यास हे पत्र केव्हाही लेखी रद्द करता येते.