भाजलेल्या रुग्णाचे आतडे, वाटीभर दही आणि उपकारक जीवाणू

भाजलेला रुग्ण म्हटला की आपले सर्व लक्ष त्याच्या कातडीकडे जाते. ते साहजिकच आहे, कारण जखम डोळ्यांना दिसते. परंतु मोठ्या प्रमाणात भाजलेल्या माणसाच्या पोटात, जिथे आगीची झळ पोहोचलेलीच नसते, तिथेही एक जखम होत असते. सध्या औषधांच्या दुकानांत ‘प्रोबायोटिक’ नावाच्या पुड्या व कॅप्सूल सर्रास मिळतात आणि जळीत कक्षाबाहेर बसलेले नातेवाईक त्यांविषयी विचारतात. म्हणून हा विषय मंडळाच्या सभासदांपुढे व विशेषतः विद्यार्थ्यांपुढे थोडा सविस्तर मांडावा असे आम्हांस वाटले.

८ ऑक्टोबर २०२२ ची पहाट नाशिककर विसरलेले नाहीत. यवतमाळहून मुंबईकडे निघालेली खासगी बस औरंगाबाद रस्त्यावर अवजड वाहनाशी झालेल्या धडकेनंतर पेटली व १२ जणांचा मृत्यू झाला. पुढे १ जानेवारी २०२३ रोजी इगतपुरी तालुक्यात मुंढेगाव येथील कारखान्यास भीषण आग लागली. अशा घटना वर्तमानपत्रांत येतात. पण स्वयंपाक करताना पदर पेटलेली बाई, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात हात घातलेले मूल, यांची बातमी होत नाही. भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्या वस्तीपासून दूरचा नाही.

आता पोटात काय होते ते पाहू. शरीराच्या साधारण एक पंचमांशाहून अधिक कातडी भाजली की रक्तातील द्रव मोठ्या प्रमाणात बाहेर झिरपतो. मेंदू व हृदय यांना रक्त पुरविण्यासाठी शरीर आतड्याचा रक्तपुरवठा कमी करते. आतड्याचे आतील अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते व ते दर तीन ते पाच दिवसांनी नवे होते. रक्त कमी पडले की हा थर झिजतो, पेशींमधले सांधे सैल होतात आणि आतड्यातले जंतू व त्यांची विषे रक्ताकडे सरकू लागतात. १८४२ मध्येच लंडनचे शल्यचिकित्सक थॉमस कर्लिंग यांनी भाजलेल्या रुग्णांच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात व्रण पडतात, हे नोंदविले होते. आतड्याला इजा होते हे अशा रीतीने जुनेच ज्ञान आहे. त्याचा रोगप्रतिकारशक्तीशी संबंध मात्र बऱ्याच उशिरा कळला.

हा संबंध असा. शरीरातील रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा वाटा आतड्याच्या भिंतीत राहतो. तिथे शत्रू कोण व शेजारी कोण हे ओळखण्याचे शिक्षण या पेशींना रोज मिळत असते. आतड्यात नांदणारे उपकारक जीवाणू जागा अडवून धरतात, त्यामुळे अपायकारक जंतूंना पाय रोवता येत नाहीत. आपण खाल्लेला चोथा आंबवून ते काही आम्ले तयार करतात व मोठ्या आतड्याच्या पेशींचे त्यांवरच पोषण होते. भाजल्यानंतर हे शेजारी कमी होतात. त्यात उपासमार व जोरदार प्रतिजैविके यांची भर पडली की अपायकारक जंतूंचे फावते. भाजलेला रुग्ण पहिल्या दोन दिवसांतून वाचला तरी पुढे सेप्टिक होऊन दगावतो, त्यामागे जखमेबरोबर हेही एक कारण असू शकते.

मग बाहेरून चांगले जीवाणू दिले तर? कल्पना जुनी आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील इल्या मेच्निकोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आंबवलेल्या दुधातील जीवाणू आरोग्यास हितकर असल्याचे प्रतिपादन केले. त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी, दह्यासाठी नव्हे. जाहिरातींत या दोन गोष्टींची सरमिसळ केलेली आढळते.

या बाबतीत आपल्या देशातील एक मोठा प्रयोग विद्यार्थ्यांनी माहीत करून घ्यावा. ओडिशातील खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक नवजात बालकांवर तो झाला व २०१७ साली प्रसिद्ध झाला. लॅक्टोबॅसिलस प्लांटॅरम हा जीवाणू व त्याचे खाद्य असलेली एक शर्करा काही बालकांना दिली, इतरांना दिली नाही. जंतुदोष किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. परंतु ही बालके जन्मतः निरोगी होती व त्यांचे आतडे शाबूत होते, हे विसरू नये.

दुसरी बाजू नेदरलँड्समधली आहे. तिथे स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाने अत्यवस्थ झालेल्या २९६ रुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रोबायोटिक दिलेल्यांत १६ टक्के रुग्ण दगावले, न दिलेल्यांत ६ टक्के. जीवाणू दिलेल्यांपैकी नऊ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा खंडित झाला, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. ज्या आतड्याला रक्तच पुरत नाही त्यात जिवंत जीवाणूंची भर घालणे घातक ठरू शकते, असा त्याचा एक अर्थ लावतात. २०२१ मध्ये अतिदक्षता विभागातील २६५० रुग्णांवरील प्रयोगातही न्यूमोनिया टाळण्यास प्रोबायोटिकचा उपयोग दिसला नाही. उलट थोड्या रुग्णांच्या रक्तात वा इतर निर्जंतुक जागी तोच दिलेला जीवाणू सापडला.

प्रत्यक्ष भाजलेल्या रुग्णांवरील प्रयोग लहान आहेत. अमेरिकेत सिनसिनाटी येथे २० भाजलेल्या मुलांवर झालेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो प्रामुख्याने हे देणे सुरक्षित आहे काय हे पाहण्यासाठी होता आणि वीस मुलांवरून सर्वांसाठी नियम करता येत नाही. शिवाय जीवाणूची जात महत्त्वाची असते. द्राक्ष ते द्राक्षच, तरी थॉमसनची छाटणी व फवारणी शरद सीडलेसला जशीच्या तशी चालत नाही, हे आपल्या जिल्ह्यात कोणी सांगावे लागत नाही. जीवाणूंचेही तसेच आहे. एका जातीने दिलेला गुण दुसऱ्या जातीच्या पुडीकडून मिळेलच असे नाही.

तेव्हा आमचे मत असे की पुडीपेक्षा पोषणाचा प्रश्न आधी सोडवावा. भाजलेल्या रुग्णाचे शरीर दुप्पट वेगाने जळत असते, म्हणजे स्वतःचेच स्नायू खात असते. म्हणून शक्य झाल्यास पहिल्या १२ तासांच्या आतच तोंडाने किंवा नाकातून घातलेल्या नळीने अन्न सुरू करावे, असे आता डॉक्टर मानतात. अन्न आतड्यातून गेले तरच आतडे जिवंत राहते. सलाईनची बाटली हे काम करू शकत नाही. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिने लागतात. ५० किलोच्या बाईला हे रोज ७५ ते १०० ग्रॅम झाले. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात, यावरून गरज किती मोठी आहे ते कळेल.

आणि इथेच आपल्या घरांत उलटे घडते. वरण खाल्ले की जखमेत पू होतो, अंडी उष्ण पडतात, आंबट दिले की जखम चिघळते, असे म्हणून आजी-मावश्या रुग्णाला चहा-बिस्किटावर ठेवतात. दुसऱ्या बाजूला कर्जाऊ पैशांतून महागडी पुडी आणली जाते. पू होतो तो जंतूंमुळे, डाळीमुळे नव्हे. हे समजावून सांगताना म्हाताऱ्या माणसांचा अपमान करू नये, कारण ती मायेपोटीच पथ्य पाळत असतात. वॉर्डातील डॉक्टर किंवा परिचारिका यांच्या तोंडून तीच गोष्ट त्यांच्यासमोर वदवून घेतली तर लवकर पटते, असा आमचा अनुभव आहे.

दह्याविषयी दोन शब्द. घरच्या दह्यात जिवंत जीवाणू असतात, पण कोणते व किती याचा हिशोब नसतो. कढी किंवा उकळलेली आंबील यांत ते उष्णतेने मरतात, प्रथिने मात्र राहतात. अत्यवस्थ रुग्णाला, नळी घातलेल्याला किंवा ज्याच्या मानेतल्या शिरेत सुई आहे अशाला, डॉक्टरांना विचारल्याशिवाय दही, ताक अथवा पुडी देऊ नये. पुडीतली भुकटी त्या सुईजवळ तर उघडूच नये. हाताला लागलेले जीवाणू तेथून सरळ रक्तात जाऊ शकतात. जखमेवर दही, शाई किंवा टूथपेस्ट लावणे तर सर्वथा वर्ज्य. भाजल्याबरोबर वीस मिनिटे वाहते साधे पाणी सोडावे, बर्फ लावू नये, स्वच्छ कपड्यात झाकून रुग्णालयात न्यावे.

रुग्ण घरी आल्यावर, तोंडाने नीट जेवू लागल्यावर आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर, रोज वाटीभर ताजे दही जेवणात असावे. त्याबरोबर उकडलेली अंडी, घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी, झेपेल तेव्हा मासळी किंवा मटणाचा रस्सा आणि केळे. कातडी बसविण्याची शस्त्रक्रिया पुढे व्हायची असेल तर हा आहार तोपर्यंत अखंड चालू ठेवावा व दर आठवड्याला रुग्णाचे वजन करून ते कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवावे.