बंद पडलेल्या ज्ञानसंग्रहाचे काय होते?

(द्वितीय वर्ष, कला)

कोश म्हटले की आम्हां सातारा जिल्ह्यातील मुलांना प्रथम वाई आठवते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा खंड पुरा व्हायला २०१५ साल उजाडले. या कामामागे शासनाचे पाठबळ होते, म्हणून ते इतकी वर्षे टिकले. परंतु ज्या ज्ञानसंग्रहाला असा आधार नसतो, तो चालवणारी माणसे पांगली की त्याचे पुढे काय होते? प्रस्तुत लेखात मला या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

याचे मराठीतील जुने उदाहरण म्हणजे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेल्या या गृहस्थाने ज्ञानकोशासाठी चक्क लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळवले आणि १९२० च्या दशकात तेवीस खंड छापून दाखवले. १९३७ साली केतकर वारले. ती कंपनी आज नाही, पण ज्ञानकोश आहे. पुढे यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने तो संगणकावरही आणला. मला यातील मर्म असे वाटते की, वर्गणीदारांच्या आणि ग्रंथालयांच्या कपाटांत त्याच्या प्रती गावोगाव विखुरल्या होत्या. एका गावच्या प्रतीला वाळवी लागली, तर दुसऱ्या गावची शिल्लक राहिली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले तेव्हा ग्रंथालयांतील पुस्तकेही भिजली. अशा वेळी दूरच्या कपाटातल्या प्रतीची किंमत कळते.

आता नव्या प्रकारच्या कोशाकडे वळू. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने अशी पाने तयार केली की, वाचणाऱ्यानेच ती दुरुस्त करावीत. त्यांना त्याने ‘विकी’ हे नाव दिले. हवाई बेटांच्या भाषेत विकी म्हणजे लवकर. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, तो याच जातीचा. पण विकिपीडियासारखे मोठे विकी थोडेच. बाकीचे असंख्य विकी पाचदहा हौशी माणसांनी एखाद्या विषयासाठी चालवलेले असतात, आणि त्यांची मूळ प्रत बहुधा एकाच यंत्रावर असते. त्या यंत्राचे भाडे थकले की सारी पाने एका दिवसात दिसेनाशी होतात. केतकरांच्या कोशावर अशी वेळ कधी येणारच नव्हती.

कमी वापरातील कार्यप्रणालींचे विकी हे याचे चांगले उदाहरण होय. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा सगळा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली. आपण सर्वत्र पाहतो ती विंडोज, पण तिच्याखेरीज इतरही कितीतरी आहेत. आपल्या देशात सी-डॅकने लिनक्सच्या आधारावर केलेली ‘बॉस’ आहे. परदेशात ‘बीओएस’ नावाची एक प्रणाली होती. ती करणारी कंपनी २००१ साली विकली गेली. तेव्हा तिच्या चाहत्यांनी त्याच वर्षी तशीच प्रणाली स्वतः लिहावयास घेतली. तिचे आजचे नाव ‘हायकू’. अशा कामात जुनी टिपणे लागतात: कोणते यंत्र कोणत्या भागाशी जुळते, कोणती अडचण कोणी कशी सोडवली. ही माहिती पुस्तकांत क्वचितच मिळते. कोणी म्हणेल, मेलेल्या प्रणालीची टिपणे कशाला सांभाळावीत? मला हे म्हणणे पटत नाही. टिपणे जपणाऱ्याला ती उद्या कोणाला लागतील हे आधी कळत नसते.

मग बंद पडणारा विकी वाचवायचा कसा? तो चालू असेतोवर काम सोपे असते. बहुतेक विकींतून पानांचा मूळ मजकूर, त्याच्या आधीच्या सर्व आवृत्त्यांसह, एका फाइलीत उतरवून घेता येतो. चित्रे मात्र वेगळी उतरवावी लागतात, आणि घाईत नेमकी तीच राहतात. विकी बंद पडून गेला असेल, तर १९९६ साली स्थापन झालेल्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या ग्रंथालयात त्याच्या पानांची छायाप्रत सापडण्याचा संभव असतो. पण छायाप्रतीत पान शेवटी कसे दिसत होते तेवढेच उमगते. कोणी काय लिहिले, कोणी खोडले, वाद कशावरून झाला, हे बहुधा हाती लागत नाही. शिवाय हक्काचाही प्रश्न आहे. मजकूर खुल्या परवान्याखाली असेल, तर लेखकांची नावे देऊन तो पुन्हा प्रसिद्ध करता येतो. परवानाच नसेल, तर पानापानाचा हक्क मूळ लेखकाकडे राहतो, आणि टोपणनावाने लिहिणाऱ्याला शोधणार कोठे?

हा विषय मला परका वाटत नाही, याचे कारण आमच्या मराठी विभागातच आहे. पूर्वीच्या विद्यार्थ्यांनी सातारा व सांगली जिल्ह्यांतील खेड्यांतून शेतीचे शब्द गोळा करून संगणकावर टंकित करून ठेवले होते. तो संगणक सुरूच होईना. तेव्हा एका मित्राने पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून आतल्या फाइली बाहेर काढल्या. या पर्यायी कार्यप्रणालीचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला तो असा. फाइली उघडल्या, पण मराठीच्या जागी चमत्कारिक परकी अक्षरे!

याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या अनेक फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे नुसते आकार बसवलेले असत. ‘शिवळ’ हा शब्द घ्या. त्यात आधी ऱ्हस्व वेलांटी, मग अर्धा श, मग त्याचा काना असे तुकडे साठवलेले असत. युनिकोडमध्ये आधी श आणि मग वेलांटी. ‘पर्जन्य’ मधील रफार जुन्या पद्धतीत ज च्या मागून येतो, नव्या पद्धतीत तो ज च्या आधी हवा. म्हणून नुसती अक्षरास अक्षर अदलाबदल करून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. आणि प्रत्येक फाँटाची मांडणी वेगळी, त्यामुळे फाँटाचे नाव हरवले की कुलूप आहे पण किल्ली नाही अशी अवस्था होते. आमच्या फाइलींत सुदैवाने नाव होते.

मजकूर उलगडला तसे मोट, नाडा, सोंदूर, धाव, थारोळे हे शब्द एकेक करून पडद्यावर आले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. हे शब्द मी आजोबांच्या तोंडून ऐकले होते, पण ते अभ्यासाचा विषय होऊ शकतात हे मला ठाऊक नव्हते. विहिरीवर मोटार बसली आणि मोट गेली. तिच्याबरोबर तिचे शब्दही गेले. माझ्या धाकट्या बहिणीला थारोळे म्हणजे रक्ताचे, एवढेच माहीत आहे. मोटेचे पाणी जेथे ओतले जाई ते थारोळे, हे तिला सांगावे लागले.

शब्दांची यादी एका फाइलीत होती आणि शब्द कोणी, कोणत्या गावी सांगितला हे दुसऱ्या फाइलीत. दुसरी फाइल अर्धवटच निघाली. विकीच्या आवृत्त्यांचे महत्त्व मला येथे खरे कळले. गावाचे नाव नसेल, तर माणदेशचा शब्द कोणता आणि कृष्णाकाठचा कोणता, हे यादीवरून सांगता येत नाही. काही शब्दांपुढे नुसते ‘आजी’ असे लिहिले आहे. कोणाची आजी, हे लिहिणारालाच माहीत.

आता त्या यादीच्या तीन प्रती केल्या आहेत. एक विभागात, एक ग्रंथालयात छापील, आणि एक मी गावी नेऊन ठेवली आहे. गाव नसलेल्या शब्दांपुढे जागा कोरी सोडली आहे. खटाव, माण, तासगाव व आटपाडी या तालुक्यांतील मुलांनी दिवाळीच्या सुटीत ते शब्द घरी वाचून दाखवावेत आणि कोणी ओळखल्यास सांगणाराचे नाव व गाव तेथे पेन्सिलीने लिहावे, असे आम्ही ठरवले आहे.