अँटिव्हायरस आहे, तरी जपा!

तायांनो, शेवगावच्या बाजाराला निघताना आपण कुलूप लावतो, पण किल्ली दारातच ठेवत नाही. संगणकाचंही तसंच. अँटिव्हायरस म्हणजे नुसतं कुलूप. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये पळवले. आपल्या संगणकात तर गटांची बचत, कर्जाचे हप्ते, आधार क्रमांक, सगळंच आहे. म्हणून एवढं पाळा:

१. अपडेट आलं की लगेच करा.
२. अनोळखी लिंक उघडू नका, कुणाचाही पेनड्राइव्ह लावू नका.
३. पासवर्ड वहीच्या पुठ्ठ्यावर लिहू नका.
४. दर आठवड्याला हिशोबाची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या आणि तो काढून कपाटात ठेवा. संगणक बंद पडला तरी हिशोब वाचेल.

पैसे गेलेच तर लाजू नका, घरी-गटात लपवू नका. लगेच १९३० ला फोन करा.