पाळीचं दुखणं, विकरं आणि पिशवीचं ऑपरेशन

ताईंनो, गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाचे अर्ज येतात. बियाणं, शेळी, पोरीची फी. अधूनमधून एक अर्ज असतो ‘पिशवीच्या ऑपरेशन’चा. विचारलं तर बाई म्हणते, “दर महिन्याला पोट इतकं दुखते की कापूस वेचायला वाकता येत नाही. काहून जीवाचे हाल करू? काढूनच टाकतो आता.” कर्ज मंजूर करण्याआधी त्या दुखण्याबद्दल थोडं बोलू.

पाळीच्या पहिल्या दिवशी थोडं दुखणं वेगळं. पण दर महिन्याला अंथरूण धरायला लावणारं, संबंधाच्या वेळी किंवा शौचाला बसताना कळ आणणारं दुखणं असेल, दिवस राहत नसतील, तर त्यामागे एंडोमेट्रिओसिस असू शकतो. पिशवीच्या आत जसं अस्तर असते, तसंच यात पिशवीच्या बाहेर वाढते: बीजांडकोशावर, नळ्यांवर, आतड्याजवळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या दर दहा बायांत साधारण एकीला हा आजार असतो.

आता आत काय चालते ते पाहू. ज्वारीच्या भाकरीचा कोरडा घास बराच वेळ चावत राहा, तो गोड लागायला लागतो. लाळेतलं विकर पिठाची साखर करते. विकर म्हणजे एका पदार्थाचा दुसरा पदार्थ करणारा शरीरातला कामगार. अशीच काही विकरं या आजारात चुकीच्या जागी राबतात.

काही विकरं पेशींभोवतीचं जाळं कापतात, म्हणून बाहेर पडलेलं अस्तर तिथं रुजते. शरीराला ती जखम वाटते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, रसायनांचे निरोप सोडतात, जागा सुजते. यालाच दाह म्हणतात. निरोप मिळाला की कॉक्स-२ नावाचं विकर प्रोस्टाग्लँडिन बनवते. कळा येतात त्या त्याच्यामुळे. खरी गोम पुढे आहे. हेच प्रोस्टाग्लँडिन अ‍ॅरोमाटेज या दुसऱ्या विकराला जागं करते, आणि ते त्याच जागी इस्ट्रोजेन तयार करते. इस्ट्रोजेनवर अस्तर पोसते, पुन्हा दाह, पुन्हा कळा. घाण्याचा बैल फिरावा तसं हे फिरत राहते.

मेडिकलमधून आणतो त्या मेफेनामिक अ‍ॅसिडच्या गोळीनं कॉक्सचं काम थांबते. म्हणून ती कळा असह्य व्हायची वाट न पाहता सुरुवातीलाच, जेवणानंतर घेतली तर जास्त उपयोगी पडते. पण ती डॉक्टरला विचारूनच घ्यायची. अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर नाहीच. गोळीनंतर ताप आला, अंगावर पुरळ उठलं तर बंद करून दवाखाना गाठा. २०२३ च्या अखेरीस सरकारी औषध-सुरक्षा यंत्रणेनं याबद्दल सावध केलं होतं. गोळीनं दुखणं दबते, अस्तर जात नाही. ते आटोक्यात ठेवायला डॉक्टर हार्मोनच्या गोळ्या देतात. काहींना दुर्बिणीतून ऑपरेशन करून ते अस्तर काढावं लागते.

आणि पिशवी? आजार पिशवीबाहेर आहे. नुसती पिशवी काढली आणि बाहेरचं अस्तर तसंच राहिलं, तर दुखणं परत येऊ शकते. सोबत दोन्ही बीजांडकोश काढले तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. हे ऑपरेशन कधी लागतच नाही असं नाही, पण तो शेवटचा उपाय.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर बायांची सरकारी समितीनं पाहणी केली. त्यात १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. सगळ्यांना हाच आजार होता असं नाही. पण खाडा परवडत नाही म्हणून पिशवी काढणं आपल्याकडच्या मजुरी करणाऱ्या बाईलाही समजते, तेच मला खटकते.

अमरावतीत डफरीन, अकोल्यात लेडी हार्डिंग ही सरकारी स्त्री रुग्णालयं आहेत. जाण्याआधी तीन महिने पाळीच्या तारखा, दुखण्याचे दिवस आणि घेतलेल्या गोळ्या वहीत लिहून ठेवा. शौचाच्या वेळची किंवा संबंधाच्या वेळची कळ लाजून लपवू नका, डॉक्टरला त्यावरूनच अंदाज येतो. सोनोग्राफी साफ आली तरी हा आजार नाही असं नसते. “मग पुढची तपासणी कोणती?” एवढं विचारूनच उठा.