बाळाचे नाव ‘दगडू’ का ठेवीत?

शहापूर-मुरबाडकडील जुन्या माणसांत दगडू, धोंडू, कचरू, केरू अशी नावे आढळतात. ही नावे हौसेने ठेवलेली नसत. आधीची मुले दगावली की पुढच्या बाळाला मुद्दाम असे हलके नाव देत. त्यामुळे त्याला दृष्ट लागणार नाही, मृत्यूचेही त्याच्याकडे लक्ष जाणार नाही, अशी समजूत होती. पूर्वीचे बालपण किती बेभरवशाचे होते, याचा इतिहास या नावांतच आहे.

पाचवीच्या पूजेचेही तसेच. सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून त्या रात्री दिवा लावून जागण्याची पद्धत आहे. वैद्यकीय दृष्ट्या हे दिवस खरोखरच घाताचे होते. विळ्याने किंवा जुन्या ब्लेडने नाळ कापली, वर राख किंवा शेण लावले, की धनुर्वाताचे जंतू शरीरात शिरत. तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांच्या आत चांगले पिणारे बाळ दूध ओढेनासे होई, जबडा मिटे, अंग ताठरे. आपल्या आजीबाईंना जंतू ठाऊक नव्हते, पण धोक्याचे दिवस ठाऊक होते, असे म्हणायला हरकत नाही.

हे चित्र पालटले ते लसीमुळे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. ती भारतातील पहिली. १९७७ मध्ये देश देवीमुक्त ठरला, २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्त. नवजात बालकांच्या धनुर्वातावर २०१५ मध्ये नियंत्रण मिळाल्याचे जाहीर झाले. मात्र धनुर्वाताचे जंतू मातीत कायम असतात, हे विसरू नये.

बालपण म्हणजे नुसते जगणे नव्हे. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना मात्र दिवसाला नऊ तास काम चालत असे! १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १४ ठरविले, १९७८ मध्ये ते १८ झाले. त्यामागे वैद्यकीय कारणही आहे. स्वतःची वाढ पुरी न झालेल्या, रक्त कमी असलेल्या मुलीचे बाळ बहुधा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे होते आणि अशा बाळाला जगण्यासाठी झगडावे लागते.

आपल्या भागातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि मुलांचे डोस चुकतात. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवा:

१) गरोदरपणी धनुर्वाताची इंजेक्शने घ्या, बाळंतपण दवाखान्यातच करा.
२) नाळेला काहीही लावू नका. ती कोरडी ठेवा.
३) स्थलांतर करताना लसीकरणाचे कार्ड बरोबर न्या. कोणत्याही सरकारी केंद्रात लस मोफत मिळते. डोस चुकला तरी बहुधा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, आशाताईंना विचारा.
४) महिन्याच्या आतील बाळ दूध पिईनासे झाले, तर भगताकडे वेळ न घालविता थेट रुग्णालय गाठा.

पाचवीची पूजा जरूर करा. सटवाई काय लिहिते ते आपल्या हाती नाही. लसीच्या कार्डावरील तारखा पाळणे मात्र आपल्याच हाती आहे.